हॅम्बलच्या काठी जुनी नौका पाहताना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टन शहराच्या पूर्वेस, हॅम्बल नावाची एक लहानशी नदी खाडीला मिळते. पात्र अरुंद, काठावर ओक वृक्षांची दाटी आणि शेवटचे काही मैल तर ही नदी समुद्राच्या भरती-ओहोटीवरच जगते. तरीही एवढ्याशा पात्रात तीन हजारांहून अधिक नौका बांधलेल्या असतात. वारा सुटला की धातूच्या डोलकाठ्यांवर दोर आपटून नदीभर किणकिणाट उठतो. दूरच्या देवळातल्या लहान घंटा कोणी एकदम हलवाव्यात, तसा.

या नौकांपैकी शेकडो विक्रीस असतात. दलालांच्या काचेच्या खिडक्यांत त्यांची छायाचित्रे लावलेली असतात, आणि खालचा मजकूर वाचत गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. विकणाऱ्याने दिलेले कारण बरेचदा एकच असते: वय झाले, प्रकृती साथ देत नाही. गंमत अशी की, विकत घ्यायला येणाऱ्यांतही निवृत्तांची संख्या मोठी. एका वृद्धाच्या हातून सुटलेले सुकाणू दुसरा, थोडा कमी वृद्ध, हाती घेतो.

आमचे एक स्नेही डॉक्टर अशाच खरेदीसाठी गेल्या वर्षी या नदीकाठी हिंडत होते. वय एकाहत्तर. तेथील सरकारी आरोग्यसेवेतून निवृत्त झालेले; पन्नाशीनंतर रीतसर प्रशिक्षण घेऊन शिडाची नौका चालवण्यास शिकलेले. वहिनी अडुसष्ट वर्षांच्या, उजवा गुडघा बदललेला. समुद्राची त्यांना भीती नाही, परंतु वेडही नाही. मी त्यांच्याकडे काही आठवडे पाहुणा होतो, म्हणून या शोधात सामील झालो. नौका हे निमित्त. उतारवयात मोठी हौस पुरी करावी की नाही, आणि करायची तर कोणत्या मापाने, हा आपल्या घरोघरचा प्रश्न तेथे उघडपणे समोर आला.

भरतीचे पाणी आणि नेटलीचा धडा

हॅम्बलच्या मुखापाशी साउदॅम्प्टनची खाडी आहे आणि तिच्यापुढे आइल ऑफ वाइट हे बेट. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील सामुद्रधुनीला सोलंट म्हणतात. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीच्या पातळ्यांत सुमारे चार मीटरचा फरक पडतो, भांगाच्या दिवसांत त्याच्या जवळपास निम्मा. कोकणातल्या माणसाला हे नवे नाही. नवे आहे ते असे की, साउदॅम्प्टनला भरती दोनदा माथा गाठते. पाणी चढते, किंचित उतरते, पुन्हा चढते आणि दोन-अडीच तास जवळजवळ स्थिर राहून मग वेगाने ओसरते. बेटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी येते म्हणून असे होते, असे लोक सांगतात. खरे कारण इंग्लिश खाडीच्या उथळ पाण्यात भरतीच्या लाटेचा आकारच बदलतो, हे आहे. वयस्क नाविकाला या स्थिर पाण्याचा फायदा मोठा. घाई न करता निघता येते, घाई न करता परतता येते.

नदीत थोडे वर, बर्सल्डनजवळच्या चिखलात, पाचव्या हेन्री राजाचे 'ग्रेस द्यू' हे प्रचंड जहाज गाडले गेले आहे. १४१८ मध्ये ते पाण्यात उतरले. समुद्रावर फारसे गेलेच नाही, आणि १४३९ मध्ये वीज पडून जळाले. त्याच बर्सल्डनला १७८६ मध्ये बांधलेले 'एलिफंट' जहाज मात्र १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत नेल्सनचे निशाण मिरवत होते. नौकेची भव्यता आणि तिचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला ही एकच नदी पुरेशी आहे.

आरोग्याच्या दृष्टीने अधिक बोलकी जागा आहे नेटलीची. हॅम्बल गावापासून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेल्यास एक मोठी बाग लागते. तिच्या मध्यभागी घुमटाचे एकाकी प्रार्थनामंदिर उभे आहे. येथे पूर्वी ब्रिटिश सैन्याचे राजेशाही रुग्णालय होते. १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने पायाभरणी केली, १८६३ मध्ये ते सुरू झाले. भारतातील वैद्यकीय सेवेसाठी निवडलेल्या डॉक्टरांनाही येथे काही महिने शिकावे लागे. रोनाल्ड रॉस त्यांपैकीच एक. शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. वॉटसन हाही कथेत येथेच शिकलेला आहे. सुमारे पाव मैल लांबीची ती इमारत समुद्रावरून राजवाड्यासारखी दिसे. परंतु फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नकाशा पाहिला तेव्हाच कडाडून विरोध केला होता. समुद्राकडची, उन्हाची बाजू लांबलचक व्हरांड्यांना दिलेली, आणि रुग्णांच्या खोल्या मात्र पाठीमागे. पाहणाऱ्याची सोय झाली होती, राहणाऱ्याची नव्हे. काम पुढे गेल्यामुळे आराखडा फारसा बदलला नाही. १९६६ मध्ये इमारत पाडली गेली. प्रार्थनामंदिर तेवढे राहिले.

तेथील बाकावर बसून डॉक्टर म्हणाले, "नौकाही अशीच पाहतात लोक. धक्क्यावरून."

वहिनी म्हणाल्या, "मग आपण आतून पाहू या."

तीन नौका

पहिली नौका होती 'कॉन्टेसा २६'. सोलंटच्या पश्चिम टोकाकडील लिमिंग्टन गावी अशा नौका बांधल्या गेल्या. सव्वीस फूट लांब, सडपातळ, देखणी. या जातीच्या नौकांनी महासागर ओलांडले आहेत. डॉक्टरांचे डोळे चमकले. परंतु आत उतरल्यावर मध्यम उंचीच्या माणसालाही मान वाकवावी लागते. वारा भरला की ही नौका चांगलीच कलते आणि कललेल्या अवस्थेतच वेगाने धावते. तरुणाला त्यात आनंद आहे. बदललेल्या गुडघ्याला नाही.

दुसरी नौका चौतीस फुटी. आत बैठकीची खोली म्हणावी अशी जागा, उभे राहता येते, स्वयंपाकाचा ओटा प्रशस्त. परंतु नौका जशी लांब होते तशी शिडे मोठी होतात आणि दोरांवरचा ताण झपाट्याने वाढतो. धक्क्याला लावताना वाऱ्याने ढकलले, तर सात-आठ टनांचे ते धूड दोन वृद्धांच्या हातांनी आवरत नाही. मरिनातील जागेचे भाडेही लांबीवर आकारतात.

तिसरी होती 'वेस्टर्ली सेंटॉर'. पोर्ट्समथजवळच्या कारखान्यात १९६९ ते १९८० या काळात अशा चोवीसशेहून अधिक नौका तयार झाल्या. हीसुद्धा सव्वीस फुटी, वजन सुमारे तीन टन. तिच्या पोटाखाली एकाऐवजी दोन कील आहेत, उजवी-डावीकडे, दोन पायांसारख्या. पाण्यात ती जेमतेम नव्वद सेंटिमीटर बुडते आणि ओहोटीला पाणी निघून गेले, तर आडवी न पडता चिखलात सरळ उभी राहते. रुंद, बुटकी, वाऱ्याच्या तोंडावर जायला आळशी. सौंदर्यस्पर्धेत तिला कोणी उभे करणार नाही. पण आत बहुतेकांना ताठ उभे राहता येते, आणि पायऱ्या उतरताना दोन्ही हातांना धरायला काही ना काही सापडते.

तिचा मालक ब्याऐंशी वर्षांचा होता. त्याने प्रवासाची नोंदवही दाखवली. आधीची पाने बारीक अक्षरांनी भरलेली. मग वर्षाला चार सफरी, मग दोन. शेवटच्या तीन उन्हाळ्यांची पाने कोरी. त्याने त्याबद्दल काही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

डॉक्टर शिडे पाहत होते, तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊजी, समुद्रावर यांना काही झालं, तर ही नौका मला एकटीला परत आणता येईल का? ते पाहायचं आहे मला."

खरेदीतला मुख्य प्रश्न हा होता, आणि तो विचारला गेला हे भाग्य. जोडीने जाणारी नौका जाणत्याच्या हौसेवरून निवडली जाते. तिची परीक्षा होते ती जाणता आडवा पडल्यावर. वहिनींनी चार गोष्टी ठरवल्या. इंजिन स्वतः सुरू करणे आणि थांबवणे. पुढचे शीड मागे बसूनच दोर ओढून गुंडाळणे आणि मोठे शीड खाली सोडणे. रेडिओवरून मदत मागणे. आधुनिक संचावर झाकणाखाली एक लाल कळ असते, ती काही क्षण दाबून धरली की संकटाचा संदेश जातो आणि संच उपग्रहस्थान-यंत्राला जोडलेला असेल तर ठिकाणही कळते, मग सोळाव्या चॅनेलवर बोलायचे. आणि चौथी, पाण्यात पडलेल्या माणसाला शिडीपर्यंत आणणे. शिडी अशी हवी की जी पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येईल. कारण भिजलेल्या कपड्यांतील सत्तर-पंचाहत्तर किलोचे शरीर केवळ हातांनी वर ओढणे तरुणालाही साधत नाही.

चौतीस फुटी नौकेवर त्यांना दुसरी गोष्ट जमली नाही. सेंटॉरवर, मालकाच्या परवानगीने धक्क्यालाच बांधलेल्या स्थितीत, पहिल्या तीन जमल्या. लाल कळ न दाबता केवळ समजून घेतली. चौथीसाठी शिडी बदलावी लागणार होती.

हातोडीचा आवाज

इंग्लंडमध्ये जुनी नौका घेण्याची रीत ठरलेली आहे. "तपासणी समाधानकारक ठरल्यास" या अटीवर किंमत कबूल करतात, साधारण दहा टक्के विसार देतात, आणि मग खरेदीदार स्वतःच्या खर्चाने सर्व्हेअर नेमतो. दलाल कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस असतो. सर्व्हेअर मात्र आपला हवा. नौका पट्ट्यांनी उचलून जमिनीवर ठेवतात आणि तो लहान हातोडीने तिचे अंग इंचाइंचाने वाजवत जातो. जेथे काचतंतूंचे थर घट्ट, तेथे आवाज खणखणीत. जेथे आत पाणी शिरले किंवा थर सुटले, तेथे बद्द.

डॉक्टर ऐकता ऐकता हसू लागले. छातीवर बोटांनी टकटक करण्याची तपासणी व्हिएन्नाचे लिओपोल्ड ऑएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये जगापुढे मांडली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात द्रव कोठवर भरला आहे हे वाजवून ओळखण्याची युक्ती त्यांनी लहानपणी पाहिली होती. पिंपावरून छातीवर आलेली ती विद्या येथे नौकेच्या अंगावर चालू होती.

अहवाल आला तो सत्तरीच्या माणसाच्या आरोग्य-अहवालासारखा. पाण्याखालच्या भागात बारीक फोड. जुन्या पॉलिएस्टरच्या नौकांत पाणी मुरून असे फोड येतात. ते क्वचितच नौका बुडवतात, लक्ष ठेवायचे आणि जमेल तेव्हा उपचार करायचे. सेंटॉरमध्ये दोन्ही कील जेथे बुडाला जोडल्या आहेत ती जागा नाजूक असते. येथे ती पूर्वीच मजबूत केलेली होती. डोलकाठीला आधार देणाऱ्या पोलादी तारा जुन्या होत्या. दहा-बारा वर्षांनी त्या बदलाव्यात असा विमा कंपन्यांचा आग्रह असतो. पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दोन तोट्या घट्ट बसल्या होत्या, कित्येक दिवस न हलवलेल्या सांध्यासारख्या. आणि स्वयंपाकाच्या गॅसची रबरी नळी मुदत संपलेली. हा शेवटचा दोष पैशांत सर्वांत लहान आणि धोक्यात सर्वांत मोठा. कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर नौकेच्या तळाशी साचून राहतो.

जुन्या वस्तूत दोष असणारच. कोणत्या दोषासह सुखाने राहता येते, कोणता आजच काढला पाहिजे आणि कोणता असेल तर पाठ फिरवावी, या तीन यादींत अहवाल वाटून घ्यायचा. तारा, तोट्या आणि नळी यांचा खर्च किमतीतून वजा झाला. चालू स्थितीतली अशी नौका एखाद्या जुन्या मोटारीच्या किमतीत मिळू शकते. खरा खर्च दरवर्षीचा असतो: जागेचे भाडे, विमा, बाहेर काढून रंगवणे. पेन्शनीतून तो पाच वर्षे पेलेल का, हे आधी पाहावे.

शरीराचा सर्व्हे

त्याच आठवड्यात वहिनींच्या आग्रहाने दोघांनी आपल्या फॅमिली डॉक्टरांचीही भेट घेतली. डॉक्टर असलेल्या नवऱ्याने स्वतःच स्वतःला तपासणे त्यांना मान्य नव्हते.

नौका चालवणाऱ्या, किंबहुना कोणत्याही लहान होडीतून सफरीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी झोप येते. त्यांतील काहींनी वयस्कांना गोंधळल्यासारखे होते, पौरुषग्रंथी वाढलेल्यांची लघवी अडकू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत त्या धोक्याच्या ठरतात. म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर शिडाच्या आडव्या दांड्याचा डोक्याला बसलेला फटका क्षुल्लक मानू नये. बरे वाटत असले तरी तातडीने रुग्णालयात दाखवावे. लघवीला जाणे अवघड म्हणून अनेक वृद्ध दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते, तोल जातो. सेंटॉरच्या बाजूने एक गुण असा निघाला की तिच्या शौचालयापर्यंत दोन्ही बाजूंना धरून जाता येते.

पडणे ही सर्वांत मोठी भीती. नौकेच्या कडेचा कठडा बहुधा साठ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो; तो गुडघ्याच्या थोडा वर लागतो, म्हणजे आधारापेक्षा अडखळण्याचीच शक्यता. त्यामुळे तेथील नाविकांचा नियम आहे: एक हात कामाला, दुसरा स्वतःला सावरायला. पायऱ्या उतरताना तोंड शिडीकडे. तरंगत्या धक्क्यावरून उडी नाही, पाऊल. जीवरक्षक जाकीट आत टांगलेले नव्हे, अंगावर, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधून. एरवी पाण्यात ते डोक्यावरून निसटते. त्या समुद्राचे पाणी उन्हाळ्यातही थंड असते. गार पाण्यात पडताच श्वास अनावर होतो, हृदयावर ताण येतो. पहिली दोन-तीन मिनिटे हातपाय न मारता तरंगत राहून श्वास सावरू देणे हेच पोहणे. आणि जेथे शेगडी किंवा इंजिन बंदिस्त केबिनजवळ आहे, तेथे कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र हवेच. त्या वायूला वास नसतो.

कलकत्त्याची नौका

हॅम्बलपासून जवळच पोर्ट्समथला लागून साउथसी आहे. तेथे ॲलेक रोझ नावाचे फळे-भाजीचे दुकानदार राहत. त्यांनी घेतलेली 'लाइव्हली लेडी' ही छत्तीस फुटी नौका जुनी, दुसऱ्याच्या हातची होती. एका इंग्रजाने ती कलकत्त्यात पडौक लाकडातून बांधली होती. १६ जुलै १९६७ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, रोझ एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि ४ जुलै १९६८ रोजी परतले. त्यांना 'सर' हा किताब मिळाला. या कथेतला धाडसाचा भाग सर्वांना आवडतो. ज्येष्ठांनी लक्षात घ्यावा तो दुसरा भाग: ते मेलबर्नला थांबले, पुढे डोलकाठीचा भाग बिघडला तेव्हा न्यूझीलंडच्या ब्लफ बंदरात पुन्हा थांबले आणि दुरुस्ती करूनच निघाले. न थांबता जाण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.

डॉक्टरांचा बेत पृथ्वीप्रदक्षिणेचा नव्हता. सकाळच्या भरतीला निघावे, बेटावरच्या एखाद्या बंदरात जेवावे, संध्याकाळी परतावे, एवढाच. तरी त्यांनी आणि वहिनींनी एक कागद लिहून रेडिओशेजारी चिकटवला. ताशी अठ्ठावीस किलोमीटरहून अधिक वाऱ्याचा अंदाज असेल तर निघायचे नाही. निघण्यापूर्वी मुलीला मार्ग आणि परतीची वेळ कळवायची. दर वर्षी एप्रिलमध्ये वहिनींनी ती चारही कामे एकटीने करून दाखवायची; आणि ज्या वर्षी ती जमणार नाहीत, त्या वर्षी नौका विकायला काढायची किंवा वाटा देऊन एखाद्या तरुण जोडप्याला सोबत घ्यायचे.

"अहो, वाचून सही करा," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. जराशाने म्हणाले, "तू नाही जमलं तर, एवढंच लिहिलं आहेस. मला नाही जमलं तर, तेही लिही." ते लिहिले गेले, मग सही झाली.

वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना या कागदाचा उपयोग नौकेविनाही आहे. सत्तरीतल्या वडिलांना स्कूटर चालवायची असते, आईला एकटीने नर्मदेकाठी राहायचे असते, कोणाला गावची पडीक शेती पुन्हा करायची असते. सरसकट नकार दिला की माणूस गप्प बसतो आणि नोंदवहीची पाने कोरी पडू लागतात. सरसकट होकार दिला की काळजी कोणी करायची हे ठरतच नाही. त्यापेक्षा सोबत बसून चार कामे लिहावीत: अडचण आली तर थांबणे, मदत मागणे, घरी परतणे आणि सोबतच्याला सावरणे. ती घरातल्या सर्वांत कमी सरावाच्या व्यक्तीला जमतात का, हे प्रत्यक्ष करून पाहावे. वर्षाने पुन्हा करून पाहावे. आणि सोडण्याची अट, हौस सुरू होताना, दोघांनी मिळून लिहावी. ती नंतर दुसऱ्या कोणी लादली तर फार बोचते.